चेलिनीचे आत्मचरित्र : वैद्यकेतिहासाचे एक साधन

१

आत्मचरित्राचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे एक जुना पेच नेहमीच उभा असतो. सांगितल्या जाणाऱ्या घटनांचा सर्वांत जवळचा साक्षीदार लेखक स्वतः असतो; आणि त्या घटनांतून आपली प्रतिमा उजळून निघावी अशी सर्वांत तीव्र इच्छाही त्याचीच असते. लेखक संयमी वृत्तीचा असेल तर हा पेच फारसा जाणवत नाही. तो उघडउघड बढाईखोर असेल तर मात्र त्याची साक्ष कोठवर ग्राह्य मानावी, हा प्रश्न टाळता येत नाही. इटलीतील प्रबोधनकाळाचा सुवर्णकार व शिल्पकार बेन्व्हेनूतो चेलिनी (१५००–१५७१) याचे आत्मचरित्र हे या प्रश्नाचे नामांकित उदाहरण होय.

चेलिनी फ्लॉरेन्सचा. पोप सातवा क्लेमंट, पोप तिसरा पॉल, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो मेदिची अशा बड्या आश्रयदात्यांची त्याने सेवा केली. आपल्या हातून झालेले खून तो संकोच न बाळगता सांगतो. १५२७ साली सम्राटाच्या सैन्याने रोमवर हल्ला केला तेव्हा सेनापती बूर्बाँ ज्या गोळीने पडला, ती आपण व आपल्या सोबत्यांनी झाडलेल्या गोळ्यांपैकीच होती, असे तो सुचवितो. असल्या वाक्यांपुढे राजकीय इतिहासकार साहजिकच थबकतो. वैद्यकाच्या इतिहासकारांनी मात्र याच ग्रंथाची पाने पुनःपुन्हा उलटली आहेत. प्लेग, फिरंगरोग, ज्वर, उन्माद, अस्थिभंग, विषप्रयोग, शस्त्रक्रिया यांविषयीचे एवढे जिवंत तपशील त्या काळच्या अवैद्य लेखकाकडून क्वचितच मिळतात.

मग रणांगणावरच्या आपल्या गोळीविषयी ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही, त्याच्या अंगावरच्या पुरळाविषयी तरी का ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाच्या अंतरंगातच शोधले पाहिजे. चेलिनीच्या वैद्यकीय नोंदी नीट उकलून पाहिल्या, तर प्रत्येक नोंदीत तीन पदर आढळतात : त्याने काय पाहिले, त्याचे कारण कोणते मानले आणि त्यातून स्वतःविषयी कोणता अर्थ काढला. पहिला पदर त्याच्या धंद्याने घडविलेला आहे, दुसरा त्याच्या युगाने आणि तिसरा त्याच्या अहंकाराने. हे पदर वेगळे न करता ग्रंथ वाचणाऱ्यांनी त्याच्यावर अन्याय केला आहे. आणि त्यांत त्याला लबाड ठरविणारे जसे आहेत, तसे त्याला दाद देणारे आधुनिक वैद्यही आहेत.

२

आत्मचरित्र कसे लिहिले गेले, हे येथे आधी ध्यानात घ्यावयास हवे. १५५८च्या सुमारास चेलिनीने एका तेरा-चौदा वर्षांच्या, काहीशा आजारी मुलाला ते सांगण्यास आरंभ केला. मुलगा लिहीत असे. सांगणाऱ्याचे हात कामात गुंतलेले असत. पुढे त्याने हे लेखन बेनेदेत्तो वार्की या विद्वान मित्राकडे संस्करणासाठी पाठविले. वार्कीने ते फारसे न बदलता परत केले. या साध्या बोलीतच त्याची गोडी आहे, असे त्याचे मत पडले. १५५९ सालच्या या निर्णयाबद्दल वैद्यकेतिहासाने वार्कीचे ऋणी राहिले पाहिजे. एखाद्या मानवतावादी पंडिताने या मजकुरावर लॅटिन वळणाचा हात फिरविला असता, तर फोडांचा आकार आणि रंग, जखमेतील वाती, सुजलेल्या हिरड्या हे सारे ‘असभ्य’ म्हणून बहुधा गळून गेले असते.

ग्रंथ हस्तलिखितातच राहिला आणि १७२८ साली प्रथम छापला गेला. त्याचा संपादक आंतोनियो कोक्की हा फ्लॉरेन्समधील नामवंत वैद्य होता. पुढे गटेने त्याचे जर्मन भाषांतर केले आणि एकोणिसाव्या शतकात स्वच्छंदतावादी कलावंताचा आदर्श म्हणून चेलिनी युरोपभर गाजला. या कीर्तीत एक गोष्ट झाकोळून गेली. हे आत्मचरित्र एका पडत्या काळात सुरू झालेले आहे. १५५७ साली पुरुषमैथुनाच्या आरोपावरून चेलिनीला शिक्षा झाली आणि तुरुंगवासाऐवजी त्याला घरातच स्थानबद्ध करण्यात आले. ग्रंथात या प्रकरणाची वाच्यता नाही. ज्या पुरुषाच्या देहाला न्यायासनाने दूषित ठरविले, तोच पुरुष आपला देह प्लेगातून, विषातून आणि अंधारकोठडीतून ईश्वराने कसा पुनःपुन्हा वाचविला, हे आता सांगू लागला होता. म्हणजे देहाच्या कहाणीत त्याचा हेतू गुंतलेला आहे. हे गृहीत धरूनच पुढील नोंदींकडे वळावयाचे आहे.

३

प्रथम प्लेग. १५२४च्या सुमारास रोममध्ये साथ चालू असताना तरुण चेलिनी शहराबाहेरच्या प्राचीन भग्नावशेषांत पारव्यांची शिकार करीत हिंडे आणि त्या मोकळ्या हवेमुळेच आपण निरोगी राहिलो, असे त्याला वाटे. एका रात्री त्याने एका दासीशी संग केला. दुसऱ्या दिवशी डोके भयंकर दुखू लागले, डाव्या हातावर गाठी उमटल्या आणि मनगटाच्या बाहेरच्या अंगाला एक काळपुळी दिसली. घरातील माणसे पळून गेली. जवळ राहिला तो एक शागीर्द. त्याचा बाप वैद्य होता. त्याने रोग्याला तपासून आदल्या दिवसाचे वर्तन विचारून घेतले आणि गाठी नव्या असून त्यांना दुर्गंधी सुटलेली नसल्याने उपाय वेळेवर होत आहेत, असा दिलासा दिला. बरे वाटू लागताच, जखमांत वाती असताना आणि वर लेप बांधलेला असतानाच, चेलिनी एका द्वाड तट्टावर बसून समुद्रकिनाऱ्याकडे निघाला.

प्लेगाचा जंतू १८९४ साली सापडला. तोवर कारणाबद्दल जगात कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा दासीच्या संगाशी रोग जोडल्याबद्दल चेलिनीला किंवा त्याच्या वैद्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाहण्यासारखी गोष्ट निराळी आहे. चेलिनी ‘मला प्लेग झाला’ एवढे सांगून थांबत नाही. कोणता हात, मनगटाची कोणती बाजू, आधी डोके की आधी गाठ, हा क्रम तो राखतो. भीतीने माणसे कशी पांगतात आणि कोण मागे राहतो, हेही त्याच शांतपणे सांगतो.

याहून महत्त्वाची नोंद फिरंगरोगाची, म्हणजेच उपदंशाची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा रोग युरोपात वणव्यासारखा पसरला होता. इटलीत त्याला ‘फ्रेंच रोग’ म्हणत, तर फ्रान्समध्ये ‘नेपल्सचा रोग’. १५३० साली व्हेरोनाच्या फ्राकास्तोरो या वैद्यकवीने त्यावर लॅटिन काव्य लिहिले आणि त्यातूनच त्याचे आजचे पाश्चात्त्य नाव रूढ झाले. १५३२च्या सुमारास चेलिनीला आपल्या अंगी तोच रोग दिसला. घरातील एका तरुण दासीपासून तो लागला, असे तो सांगतो. रोग चार महिन्यांहून अधिक काळ लपून राहिला आणि मग एकदमच सर्वांगावर प्रकट झाला. नेहमी दिसणाऱ्या प्रकारासारखा तो नव्हता. छोट्या नाण्याएवढे गुलाबी फोड अंगभर उठले होते. वैद्यांनी त्याला फ्रेंच रोग म्हणण्यास नकार दिला. आपल्याला तो तसा का वाटतो हे चेलिनीने त्यांना समजावून सांगितले, पण त्यांचे मत बदलले नाही.

आजच्या वैद्यकाच्या कसोटीवर येथे रोगी बरोबर होता आणि वैद्य चुकले होते. संसर्गानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, सर्वांगावर गुलाबी पुरळ उठणे ही उपदंशाची दुसरी अवस्था. मधला लपलेला काळ, एकाएकी आणि सर्वत्र झालेला उद्भव, रंग आणि आकार या चारही गोष्टी चेलिनीने टिपल्या आहेत. वैद्यांच्या डोळ्यांपुढे साथीच्या पहिल्या उग्र वर्षांतील किळसवाण्या व्रणांचे चित्र असावे. त्या चित्राशी हे गुलाबी फोड जुळले नाहीत. नाण्यांचे व पदकांचे ठसे कोरणाऱ्या चेलिनीला मात्र पुढ्यातला नमुना जुन्या नमुन्याहून वेगळा दिसला, म्हणून तो त्या वर्गातून काढून टाकावा असे वाटले नाही. अमुक वस्तू नेहमीसारखी नाही आणि तरीही त्याच जातीची आहे, हे ओळखणे रत्नपारख्याला रोजच करावे लागते.

उपचारांबाबत मात्र त्याची साक्ष तितकी सरळ नाही. वैद्यांच्या औषधांनी गुण येईना, तेव्हा रोममधील प्रमुख वैद्यांचा सल्ला धुडकावून त्याने वेस्ट इंडीजकडून येणाऱ्या ग्वायकम लाकडाचा काढा कडक पथ्यासह घेतला. पन्नास दिवसांनी आपण ठणठणीत झालो, असे तो म्हणतो. पुढे हिवाळ्यात पाण्यात उतरून शिकार केल्यावर दुखणे उलटले, ज्वर आला. ज्वरात काढा घेऊ नये असे वैद्य सांगत असताना त्याने तो घेतला आणि चार दिवसांत ज्वर गेला. चेलिनीला यात आपल्या निर्धाराचा विजय दिसतो. प्रत्यक्षात या रोगाच्या दुसऱ्या अवस्थेतील पुरळ औषधाशिवायही मावळते आणि रोग शरीरात दबून राहतो. काढा घेतला आणि पुरळ गेले, ही नोंद खरी मानता येते; काढ्यामुळे पुरळ गेले, हा तर्क मात्र सोडून द्यावा लागतो.

भारतीय वाचकाला येथे एक समकालीन दुवा आठवेल. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या संस्कृत ग्रंथात ‘फिरंग’ या नावाने याच रोगाचे वर्णन आले आहे. फिरंगी लोकांच्या संसर्गाशी त्याचा संबंध तेथे जोडला असून रसकापूर व चोपचिनी हे उपचार सांगितले आहेत. १५६३ साली, म्हणजे चेलिनीचे आत्मकथन संपत आले त्या सुमारास, गोव्यात गार्सिया द ओर्ताचा औषधिविषयक ग्रंथ छापून निघाला. त्यातही चोपचिनीची चर्चा याच व्याधीच्या निमित्ताने येते. रोगाला परक्यांचे नाव देणे आणि त्यावरचे औषध दूरदेशीच्या झाडात शोधणे, या दोन्ही प्रवृत्ती त्या शतकात फ्लॉरेन्सपासून गोव्यापर्यंत सारख्याच दिसतात.

४

चेलिनीच्या ग्रंथात वैद्यांची व्यक्तिचित्रे पुष्कळ आहेत आणि ती एकाच साच्यातून काढलेली नाहीत. बोलोन्याचा प्रख्यात शल्यवैद्य बेरेंगारियो दा कार्पी रोममध्ये आला होता. शरीररचनाशास्त्रात वेसेलियसच्या आधीच्या पिढीतील हे एक मोठे नाव. १५२१ साली मोंदिनोच्या शरीरशास्त्रावरील त्याचे विस्तृत भाष्य प्रसिद्ध झाले होते. तो पाऱ्याच्या धुरीने फ्रेंच रोगावर उपचार करी आणि धनिक रोग्यांकडून आधीच शेकडो मुद्रांचा करार करून घेई. त्याची विद्वत्ता व वक्तृत्व चेलिनी मान्य करतो. चित्रकलेतील त्याची जाणही मान्य करतो. मग तितक्याच सरळपणे सांगतो, की हा गृहस्थ रोम सोडून गेला हे त्याने शहाणपणाचे केले. कारण त्याने तपासलेले रोगी पुढे पूर्वीपेक्षा शतपट बिघडले आणि तो हाती लागता तर त्यांनी त्याचा जीवच घेतला असता. चेलिनीने घडविलेली चांदीची छोटी पात्रे बेरेंगारियोने विकत घेतली आणि पुढे ती प्राचीन म्हणून मिरविली, हा प्रसंगही तो रंगवून सांगतो. पाऱ्याच्या धुरीचे दुष्परिणाम एका रोगनिरीक्षक शेजाऱ्याच्या नजरेतून येथे नोंदले गेले आहेत. वैद्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत अशी नोंद सहसा सापडत नाही.

याच्या उलट याकोमो दा पेरूजा या शल्यवैद्याविषयी त्याच्या मनात निखळ आदर आहे. रोममधील राफाएल्लो देल मोरो या सोनाराच्या मुलीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची हाडे किडली होती. एका भोंदू वैद्याने सारा हात निकामी होईल, असे सांगून ठेवले होते. चेलिनीने याकोमोला बोलावून आणले. शस्त्रक्रिया सुरू झाली. पण हत्यार ओबडधोबड असल्याने मुलीला वेदना फार होत होत्या आणि काम पुढे सरकत नव्हते. चेलिनीने वैद्याला क्षणभर थांबावयास सांगितले, धावत दुकानात जाऊन पोलादाचे एक अतिशय पातळ, वाकडे आणि वस्तऱ्यासारखे धारदार हत्यार घडविले आणि आणून दिले. त्यानंतर काम हलक्या हाताने व चटकन उरकले.

या छोट्याशा हकिकतीत त्या काळच्या शस्त्रक्रियेविषयी पुष्कळ काही आहे. विद्यापीठातील वैद्य ग्रंथ वाचीत; शल्यवैद्य हाताने काम करी; आणि हत्यारे लोहार, सोनार, वस्तरे करणारे यांच्या दुकानातून येत. ज्ञानाच्या या तीन पायऱ्या एरवी एकमेकींपासून दूर असत. येथे त्या एका खोलीत आल्या आणि सर्वांत खालची मानली गेलेली पायरी उपयोगी पडली. आपल्या नैपुण्याचे कौतुक चेलिनी करतो हे खरे. पण हत्याराचे वर्णन त्याने कारागिराच्या काटेकोरपणे केले आहे. वक्रता, जाडी आणि धार या तिन्ही गोष्टी शस्त्रक्रियेच्या गरजेशी जुळतात.

पॅरिसमध्ये हा संबंध अधिक दृढ झाला. राजाने दिलेल्या ‘पेती नेल’ या वास्तूत चेलिनीने ग्वीदो ग्वीदी या फ्लॉरेन्सच्या वैद्याला आपल्याजवळ ठेवून घेतले. ग्वीदी फ्रान्सच्या राजाचा वैद्य आणि राजविद्यापीठातील वैद्यकाचा पहिला अध्यापक. ग्रीक शस्त्रवैद्यकाचे त्याने केलेले सचित्र लॅटिन भाषांतर १५४४ साली निघाले. ते छापणारा मुद्रक त्याच वास्तूत राहत होता, असे चेलिनी सांगतो. कवटीच्या तळाशी असलेल्या एका मार्गाला आजही ग्वीदीचे नाव आहे. ओतशाळा, छापखाना आणि शस्त्रवैद्यक एका आवारात नांदत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे चेलिनीच्या वैद्यकीय कुतूहलाचे नवल वाटत नाही. शिल्पकाराने चित्रणाचा आरंभ मानवी हाडांपासून करावा, असे त्याने पुढे कलाविषयक लेखनात प्रतिपादन केले, त्याच्या मागेही हाच सहवास असावा.

५

१५३८ साली पोपच्या दागिन्यांच्या अपहाराच्या आरोपावरून चेलिनी रोममधील सांत अँजेलो किल्ल्यात बंदिवान झाला. ग्रंथातील वैद्यकदृष्ट्या सर्वांत मोलाची पाने येथली आहेत.

किल्लेदाराला दरवर्षी एकदा वेडाचा झटका येई. त्याची चाहूल अशी, की तो अखंड बडबड करू लागे. दर वर्षीचा भ्रम निराळा. एकदा आपण तेलाचा रांजण आहोत असे त्याला वाटले; एकदा बेडूक होऊन तो उड्या मारू लागला; एकदा आपण मेलो आहोत, आता पुरा, असा त्याने आग्रह धरला. या वर्षी तो वटवाघूळ झाला होता. चालताना तो बारीक चिरके आवाज काढी आणि उडण्याच्या बेतात असल्यासारखे हात हलवी. चेलिनीशी गप्पा मारण्यात त्याला सुख वाटते, हे ओळखून वैद्य व जुने नोकर कैद्याला त्याच्यापाशी बसवीत. उडता येईल का, असे किल्लेदाराने विचारताच चेलिनीने वटवाघळाचे पंख मेणकापडाने कसे बनविता येतील याचा विचार सांगितला. आणि तेव्हापासून कैदी उडून जाईल, ही चिंता रोग्याच्या भ्रमाचाच भाग बनली.

नियतकालिक उन्मादाचे असे चित्र अवैद्य लेखकाकडून मिळणे दुर्मीळच. झटक्याची पूर्वसूचना, वार्षिक आवर्तन, दर वेळी बदलणारा भ्रमाचा विषय आणि सहवासाने पडणारा आराम, हे सारे क्रमाने आले आहे. विशेष म्हणजे चेलिनी येथे पिशाचबाधेचा किंवा दैवी कोपाचा आश्रय घेत नाही. ज्या माणसाच्या मर्जीवर आपला जीव टांगलेला आहे, त्याच्या मनाची गती ओळखणे ही कैद्याची गरजच होती. तिने त्याची दृष्टी अधिक तीक्ष्ण केली.

पुढे चादरींच्या पट्ट्या बांधून तो किल्ल्यावरून उतरला आणि शेवटच्या भिंतीवरून पडला. डोक्याला मार बसून तो बेशुद्ध पडला. पहाटेच्या गारव्याने भान आले तेव्हा आपला शिरच्छेद झाला असून आपण परलोकात आहोत, असे त्याला वाटले. हळूहळू शुद्ध परतल्यावर उजवा पाय टाचेच्या वर मोडल्याचे त्याच्या ध्यानी आले. पाय बांधून तो सरपटत निघाला. मस्तकाघातानंतरची ही संभ्रमावस्था त्याने कोणत्याही अलंकाराविना सांगितली आहे. याकोमोनेच त्याचा पाय बसविला आणि रक्तमोक्ष केला.

तो पुन्हा पकडला गेला आणि या वेळी दमट अंधारकोठडीत पडला. तेथे नखे इतकी वाढली, की अंगाला हात लावताच ओरखडे निघत आणि कपडे घालणे अशक्य झाले. दात मेले, खालून रेटा बसून मुळे हिरड्यांतून वर आली आणि म्यानातून काढावेत तसे दात त्याने वेदना किंवा रक्त न येता ओढून काढले. येथे अतिशयोक्ती असेल. पण दीर्घ कोंडमारा व निकृष्ट आहार यांनी हिरड्यांचे व दातांचे काय होते, याचे चित्र मूलतः विश्वसनीय वाटते.

याच कोठडीत त्याच्यावर हिऱ्याच्या पुडीचा प्रयोग झाला, असे तो सांगतो. हिरकणी पोटात गेल्याने मरण येते ही समजूत आपल्याकडेही परिचित आहे. चेलिनी म्हणतो, हिरा स्वभावतः विषारी नाही. त्याची पूड केली तरी कणांच्या कडा धारदार राहतात, ते आतड्यांना चिकटून भोके पाडतात आणि माणूस मरतो. इतर दगडांचे कण गोलसर होतात. जेवताना दाताखाली काही कुरकुरले. उरलेल्या अन्नात बारीक चकाकणारे कण दिसले. आता आपण मरणार, असे मानून त्याने प्रार्थना केली. मग एक कण खिडकीच्या दगडावर ठेवून सुरीच्या टोकाने दाबला, तो चुरला. म्हणजे तो हिरा नव्हता. पूड करण्यासाठी दिलेला हिरा सोनाराने स्वतःपाशीच ठेवून घेतला आणि हलका दगड दळला, असे त्याला पुढे कळले. त्याचे यंत्रणेविषयीचे मत आज टिकणार नाही. परंतु त्याने केलेली परीक्षा ही खरी परीक्षा आहे. मृत्यूच्या भीतीत माणसाने आपल्या धंद्याची कसोटी वापरून पुरावा तपासला, हा प्रसंग साऱ्या ग्रंथाची किल्ली ठरावा.

कोठडीत त्याला ईश्वरी दर्शन झाले. आणि तेव्हापासून आपल्या मस्तकाभोवती तेजोवलय असते, असे तो सांगतो. असे वाक्य वाचून टीकाकार पुस्तक मिटून टाकतात. पण पुढचा तपशील पाहावा. हे तेज सावलीच्या डोक्याभोवती दिसते, सूर्योदयापासून सुमारे दोन तास दिसते, गवत दवाने भिजलेले असेल तर अधिक चांगले दिसते, सायंकाळीही दिसते, आणि पॅरिसकडची हवा निवळ असल्याने तेथे ते स्पष्ट होते. दवबिंदूंवर पडलेला प्रकाश आला त्याच दिशेने परतत असल्यामुळे पाहणाऱ्याला स्वतःच्या सावलीच्या मस्तकाभोवती उजळ वलय दिसते, हे आज प्रकाशविज्ञानात सुपरिचित आहे. प्रत्येकाला ते आपल्याच मस्तकाभोवती दिसते. चेलिनीने वेळ, दव आणि हवा या तिन्ही अटी अचूक नोंदविल्या. निष्कर्ष तेवढा अहंकाराने काढला. वर सांगितलेले तीन पदर येथे जितके स्वच्छ वेगळे होतात, तितके अन्यत्र कोठेही होत नाहीत.

६

सुटकेपूर्वीचा एक ज्वर आणि नंतरचे दोन प्रसंग अजून पाहावयाचे आहेत. १५३५च्या सुमारास रोममध्ये त्याला घोर ज्वर आला. फ्रांचेस्को दा नॉर्चिया या वैद्याने पाणी वर्ज्य केले होते. नावेतून न्यावयास आलेला एक म्हातारा त्याला सारखा दिसे. अखेर त्याने एका दासीकडून पाणी मागवून पोटभर प्यायले, घाम सुटला आणि उतार पडला. निसर्गाला आपली गरज कळते, वैद्यांना काही कळत नाही, असे तो वैद्य उद्गारला, असे चेलिनी सांगतो. वैद्याच्या तोंडी घातलेले हे वाक्य चेलिनीला फारच सोयीचे आहे, हे उघड आहे. तहानेने कासावीस झालेल्या ज्वराच्या रोग्याला पाणी न देणे हा त्या काळच्या उपचारपद्धतीतील दोष होता, हेही तितकेच उघड आहे.

फ्लॉरेन्समध्ये पेर्सिअसच्या पुतळ्याचे काम चालू असताना पोलादाचा एक कण त्याच्या उजव्या डोळ्यात रुतला. राफाएल्लो दे पिल्ली या शल्यवैद्याने त्याला मेजावर उताणे निजवून जिवंत पारव्यांच्या पंखाखालची शीर कापली आणि ते ऊन रक्त डोळ्यात सोडले. लगेच आराम वाटला. दोन दिवसांत कण बाहेर आला. चेलिनीने सोन्याचा डोळा घडवून संत लूचियाला भाचीच्या हस्ते अर्पण केला. उपचाराचे श्रेय तो वैद्याला देतो आणि नवस संतिणीला फेडतो. त्याच्या मनात यांत विसंगती नाही.

शेवटचा प्रसंग विषप्रयोगाचा. पेर्सिअसनंतर काही वर्षांनी एका शेतजमिनीच्या व्यवहारावरून स्बियेत्ता नावाच्या माणसाशी त्याचा संबंध आला. विक्कियो येथील जेवणात त्याला रसकापूर घातला गेला. पोटात जाळ उठला, रक्त पडू लागले. फ्रांचेस्को दा मोंतेवार्की हा वैद्य आणि पिल्ली यांनी विष ओळखले. तो सहा महिन्यांहून अधिक काळ आजारी होता आणि पूर्वीची ताकद येण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. विषाची मात्रा अल्प असल्याने त्याने उलट पोटातील घातक चिकटा धुऊन काढला, असा दिलासा त्याला मिळाला.

आधुनिक काळात काही वैद्यक-लेखकांनी या प्रसंगावर एक मोहक कथा रचली आहे. मारेकऱ्यांच्या पाऱ्यानेच चेलिनीचा उपदंश बरा झाला. आणि म्हणून कृतज्ञतेने त्याने पेर्सिअसच्या चौथऱ्यावर पाऱ्याच्या नावाची देवता, मर्क्युरी, बसविली, असे ते म्हणतात. चौथऱ्यावर मर्क्युरी आहे हे खरे. त्याच्या जोडीला ज्युपिटर, मिनर्व्हा आणि बाल पेर्सिअससह त्याची आई दानाए हेही आहेत आणि पेर्सिअसच्या पुराणकथेत या सर्वांना स्थान आहे. त्याहून निर्णायक गोष्ट कालक्रमाची. पेर्सिअसचे अनावरण एप्रिल १५५४ मध्ये झाले, विषप्रयोग त्यानंतरचा. नंतर घडलेल्या उपकाराबद्दल आधीच आभार मानता येत नाहीत. शिवाय चेलिनीच्या ग्रंथात पाऱ्याने फ्रेंच रोग गेल्याचा शब्दही नाही. तो श्रेय देतो ते लाकडाच्या काढ्याला.

ही कथा का रुजली, हे समजणे अवघड नाही. प्रत्येक उपचाराला एक यशस्वी रोगी आणि प्रत्येक रोग्याला एक नाट्यमय शेवट हवा असतो. काढ्यानंतर पुरळ गेले म्हणून काढ्याने गेले, असे चेलिनी म्हणाला. विषानंतर रोगी जगला म्हणून विषाने बरा झाला, असे चार शतकांनंतरचे वैद्य म्हणाले. तर्काचा दोष एकच आहे. फरक एवढाच, की चेलिनीने आपल्या तर्काआधी पाहिलेले सारे लिहून ठेवले, त्यामुळे त्याचा तर्क आपल्याला तपासता येतो.

याच काळातील मिलानचा वैद्य जेरोलामो कार्दानो याने आयुष्याच्या अखेरीस, १५७५च्या सुमारास, आपले चरित्र लॅटिनमध्ये लिहिले आणि त्यात स्वतःच्या व्याधींची पद्धतशीर यादी दिली. पण स्वप्ने, शकुन आणि रक्षक आत्मा यांवरील त्याची श्रद्धा चेलिनीहून तसूभरही कमी नव्हती. तेव्हा वैद्यकाचे शिक्षण असले म्हणजे साक्ष शुद्ध आणि कारागिरी असली म्हणजे अशुद्ध, अशी वाटणी करता येत नाही. आत्मचरित्राचा पुरावा म्हणून विचार करताना लेखकाच्या शीलाचे एक सरसकट माप लावणे व्यर्थ होय. त्याच्या प्रत्येक विधानापाशी थांबून, हे त्याच्या कोणत्या सवयीतून आले, असे विचारावे लागते. चेलिनी स्वतःविषयी बोलू लागला की सावध व्हावे. वस्तूंविषयी, त्यांच्या रंगाविषयी, आकाराविषयी आणि कठीणपणाविषयी बोलू लागला की लक्ष देऊन ऐकावे. त्याचे स्वतःचे शरीर ही त्याच्यापुढची एक वस्तूच होती, आणि ती त्याने आपल्या पुढ्यातील धातूइतक्याच बारकाईने पाहिली.